अठ्ठाविसाव्या दिवशी पिल्लू अडतं कुठे?

“ताई, २८ दिवस झाले, ३० झाले, तरी काही अंडी तशीच. शेवटी फोडून बघितली तर आत अख्खं पिल्लू. चोच, नखं, लव, सगळं तयार. मग बाहेर का नाही आलं?”

बदकाची अंडी घरच्या इनक्युबेटरमध्ये उबवून बघणारा जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या खेपेनंतर हा प्रश्न विचारतो. मीही विचारला होता. थर्मोकोलची पेटी, दोन बल्ब, १२ अंडी आणि श्रावण महिना. तीन अंडी पहिल्याच आठवड्यात रिकामी ठरली, चार पिल्लं बाहेर आली आणि पाच कवचातच गेली. पाय पोटाशी दुमडून बसलेलं, पूर्ण वाढलेलं पिल्लू मेलेलं हातात घ्यावं लागलं, की पुन्हा पेटीला हात लावू नये असं वाटतं.

अशा वेळी आपण शेवटच्या दिवसाला दोष देतो. वीज गेली असेल, झाकण उघडलं म्हणून असेल, पिल्लूच अशक्त असेल. कधी कधी तसं असतंही. पण पुष्कळदा त्या मरणाची तयारी दोन-तीन आठवडे आधीच झालेली असते आणि आपल्याला पत्ताही नसतो. तो पत्ता लागावा म्हणून कवचाच्या आत काय चालतं, ते सुरुवातीपासून बघू.

१. पेटी कोणाच्या जागी बसते?

खेड्यात बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवतात. पाटीत राख, वर पेंढा, त्यात आठ-दहा अंडी आणि वर कोंबडी. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, ती नुसती बसली आहे. प्रत्यक्षात ती चार कामं करत असते. अंगाची ऊब देते, चोचीने अंडी उलटसुलट करते, पोटाखाली दमटपणा राखते आणि दाणापाण्यासाठी उठते तेव्हा अंड्यांना थोडी मोकळी हवा मिळते. कोंबडीऐवजी बदक बसलं असेल तर आणखी एक गोष्ट घडते : ते पाण्यात जाऊन येतं आणि ओल्या पिसांनी पुन्हा अंड्यांवर बसतं.

मग बदकाची अंडी बदकाखालीच का ठेवत नाहीत? कारण भरपूर अंडी देणारं बदक सहसा बसत नाही. आपल्याकडे अंड्यांसाठी पाळलं जाणारं खाकी कॅम्पबेल हे बदक इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या अॅडेल कॅम्पबेल या बाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केलं. चांगल्या कळपातली मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. बसलेली मादी अंडी देणं थांबवते. त्यामुळे जास्त अंडी देणाऱ्या माद्या पिढ्यान् पिढ्या निवडत गेलं, की खुडूक होण्याची सवय आपोआप मागे पडते. मस्कव्ही जातीचं बदक मात्र छान बसतं. पण त्याच्या अंड्याला साधारण ३५ दिवस लागतात, बाकी बदकांना २८ आणि कोंबडीला २१. ही तिन्ही एकाच पेटीत एकाच दिवशी ठेवू नयेत. एकाची फुटायची वेळ होते तेव्हा दुसऱ्याला वेगळी हवा हवी असते.

पेटी विकणारा आपल्याला ऊब विकतो. बाकीची कामं आपल्याकडे राहतात आणि गडबड होते ती तिथे.

२. कोणती अंडी ठेवावीत?

दुकानातल्या अंड्यातून पिल्लू निघत नाही, कारण अंड्यांसाठी चालवलेल्या फार्मवर नर ठेवतच नाहीत. पाच-सहा माद्यांमागे एक नर असलेल्या कळपातली अंडी घ्यावीत. बदक पहाटे, कुठेही, चिखलातसुद्धा अंडं घालतं. म्हणून सकाळी लवकर, कोरड्या पेंढ्यावरची, स्वच्छ अंडी उचलावीत. मळकं अंडं गार पाण्याने धुणं ही मोठी चूक. गार लागताच आतला ऐवज आकसतो आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. धुवायचंच असेल तर पाणी अंड्यापेक्षा गरम हवं. तडा गेलेलं, वेडंवाकडं, अतिमोठं अंडं भाजीला वापरावं.

जमवलेली अंडी आठवड्याच्या आत पेटीत जावीत. तोवर निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवावीत, १३ ते १६ अंश असेल तर उत्तम. साधारण २० अंशांच्या खाली गर्भाची वाढ थांबलेली असते. आपल्याकडच्या उन्हाळी खोलीत ती धड थांबत नाही, धड पुढेही सरकत नाही आणि गर्भ अशक्त होतो.

३. साडेसदतीस

आत पंखा असलेल्या पेटीत ३७.५ अंश सेल्सिअस. पंखा नसेल तर गरम हवा वर आणि गार हवा खाली राहते. तेव्हा अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.८ दिसायला हवेत. जुन्या संगणकातला छोटा पंखा बसवला की ही भानगड मिटते.

अर्ध्या अंशाचं एवढं काय? आपल्यालाच दिवसभर अर्धा-एक अंश जास्त असला तर आपण त्याला ताप म्हणतो. गर्भाचा तर २८ दिवसांचा मुक्काम. सतत थोडं जास्त तापमान मिळालं तर पिल्लं लवकर फुटतात, बेंबी नीट मिटलेली नसते. सतत थोडं कमी मिळालं तर उशिरा आणि जडसर निघतात. आणि चुकायचंच झालं तर गारव्याच्या बाजूला चुकावं. तासभर गार झालेला गर्भ बहुधा सावरतो, तासन् तास ४० च्या वर गेलेला सावरत नाही.

म्हणून पेटी चालू करण्याआधी थर्मामीटर तपासून घ्या. वाटीत कोमट पाणी घ्या, त्यात पेटीच्या थर्मोस्टॅटचा सेन्सर आणि घरातला ताप मोजायचा थर्मामीटर एकत्र बुडवा. माझ्या पेटीचा आकडा आणि तापाच्या थर्मामीटरचा आकडा यांत ०.८ चा फरक निघाला होता. तेवढा फरक ध्यानात ठेवून आकडा लावला, की झालं. दमटपणा दाखवणारं यंत्र मात्र पाण्यात बुडवू नका.

पेटीचा आकडा ३७.२ आणि ३७.८ यांच्यामध्ये हेलकावे खातो म्हणून घाबरू नये. बल्ब लागतो-विझतो, हवा लगेच तापते-निवते, पण अंडं म्हणजे पाण्याने भरलेला छोटा माठ. त्याच्या पोटापर्यंत हे हेलकावे पोचत नाहीत.

विदर्भातल्या मे महिन्याचा मात्र विचार आधी करा. खोलीच ४२ अंशांवर गेली तर बल्ब लागतच नाही, तरी पेटी तापत राहते. इनक्युबेटर गरम करू शकतो, गार करू शकत नाही. त्यात दुसऱ्या पंधरवड्यात वाढलेले गर्भ स्वतःच उष्णता सोडायला लागतात. कूलरशिवाय त्या दिवसांत अंडी ठेवू नयेत.

४. पाण्यातल्या पक्ष्याचं अंडं वाळावं लागतं

आता माझ्या चुकीकडे येते. मला वाटलं, बदक पाण्यातलं, तेव्हा अंड्यालाही भरपूर ओल हवी. म्हणून मी पेटीच्या तळाशी दोन मोठी ताटं पाण्याने भरून ठेवली आणि काच धुरकट झाली, की समाधान मानलं.

अंड्याचं कवच बंद भिंतीसारखं दिसतं, पण त्याला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यांतून प्राणवायू आत जातो, कर्बवायू बाहेर येतो आणि पाण्याची वाफही बाहेर येते. अंडं रोज थोडं थोडं वाळतं, हलकं होतं. जेवढं पाणी गेलं तेवढी जागा रुंद टोकाशी रिकामी होते आणि तिथे हवेची पोकळी मोठी होत जाते. उकडलेलं अंडं सोलताना एका टोकाला जो खळगा दिसतो, तीच ही पोकळी. ताज्या अंड्यात ती जेमतेम असते.

ही पोकळी म्हणजे पिल्लाचा पहिला श्वास. कवच फोडण्याच्या आदल्या दिवशी पिल्लू आतला पापुद्रा चोचीने भोसकतं आणि या पोकळीतली हवा घेऊन आयुष्यात पहिल्यांदा फुप्फुसं वापरतं. पोकळी लहान राहिली तर? आत पाणी जास्त, पिल्लू फुगलेलं, मान वळवायला जागा नाही, आणि पहिल्या श्वासासोबत नाकात द्रव जातो. ते कवचाच्या आत बुडून मरतं. आणि उलट, अंडं फाजील वाळलं तर पापुद्रा कातड्यासारखा चिवट होतो आणि पिल्लाच्या अंगाला चिकटून बसतो.

किती वाळावं याचा आकडा ठरलेला आहे. बदकाच्या अंड्याने पहिल्या २५ दिवसांत आपल्या वजनाच्या साधारण १३ टक्के पाणी गमवावं. हे मोजायला लागतो तो फक्त स्वयंपाकघरातला वजनकाटा.

समजा, १२ अंडी मिळून ८४० ग्रॅम भरली. १३ टक्के म्हणजे १०९ ग्रॅम. २५ दिवसांत १०९, म्हणजे दिवसाला सुमारे ४.४ ग्रॅम. सातव्या दिवशी ३१ ग्रॅम घटून काटा ८०९ च्या आसपास दाखवायला हवा. तो ८२२ दाखवतो. घट झाली फक्त १८ ग्रॅम, दिवसाला २.६. याच चालीने २५ व्या दिवशी ६४ ग्रॅम, म्हणजे साडेसात टक्केच. पेटी फार दमट आहे. पाण्याचं भांडं काढा किंवा लहान करा आणि चार दिवसांनी पुन्हा तोला. उरलेल्या १८ दिवसांत ९१ ग्रॅम घटायचे आहेत, दिवसाला पाच. अजून वेळ आहे.

मधे एखादं अंडं काढून टाकलं तर सुरुवातीच्या वजनातून त्याचं वजन वजा करून हिशेब पुन्हा मांडायचा. त्यासाठी पहिल्या दिवशी प्रत्येक अंडं वेगळं तोलून त्यावर पेन्सिलीने आकडा लिहावा. मार्करने नको, शाई छिद्रांतून आत जाऊ शकते.

५. पावसाळ्यात दमट, थंडीत कोरडं

दमटपणाचे आकडे सगळीकडे टक्क्यांत दिलेले असतात : पहिले २५ दिवस ५० ते ५५ च्या आसपास, शेवटचे तीन दिवस ७० च्या वर. पण ही टक्केवारी कशाची?

हवेला एक भांडं समजा. हवा जितकी गरम, तितकं भांडं मोठं. २७ अंशांची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे २६ ग्रॅम वाफ धरते, ३७.५ अंशांची सुमारे ४५ ग्रॅम. श्रावणात खोली २७ अंशांवर आणि दमटपणा ८५ टक्के असेल, तर हवेत २२ ग्रॅम वाफ आहे. हीच हवा पेटीत जाऊन तापली की भांडं ४५ ग्रॅमचं झालं, आत मात्र तेच २२. म्हणजे जेमतेम निम्मं. पाण्याचा थेंब न ठेवता पेटी ५० टक्क्यांच्या जवळ पोचली! मी त्यात आणखी दोन ताटं ठेवली होती.

आता नाशिकची डिसेंबरमधली पहाट घ्या. खोली १२ अंश, दमटपणा ७० टक्के. आपल्याला हवा ओलसर वाटते. पण १२ अंशांचं भांडंच ११ ग्रॅमचं. त्याच्या ७० टक्के म्हणजे साडेसात ग्रॅम. पेटीत तापल्यावर ४५ मध्ये साडेसात, जेमतेम सहावा हिस्सा. इथे ताटं हवीतच.

म्हणून दुसऱ्याने सांगितलेला “एक वाटी पाणी ठेवा” हा सल्ला ऐकू नये. सांगणारा कुठल्या गावचा आणि कुठल्या महिन्यातला, यावर सगळं अवलंबून. आपला वजनकाटा खरा.

आणखी एक. दमटपणा पाण्याच्या खोलीवर ठरत नाही, पसरटपणावर ठरतो. खोल तांब्याऐवजी पसरट थाळी ठेवली की वाढतो. आणि दमटपणा वाढवायचा म्हणून पेटीची हवेची भोकं कधीही बुजवू नयेत. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गर्भांना भरपूर प्राणवायू लागतो. भोकं तेव्हा पूर्ण उघडी हवीत.

६. उलटवणं आणि गार करणं

पिवळा बलक पांढऱ्यापेक्षा हलका असतो, तो वर तरंगतो आणि गर्भ त्याच्या माथ्यावर असतो. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं तर गर्भ वर जाऊन पापुद्र्याला चिकटतो. कोंबडी म्हणूनच सतत अंडी हलवते. आपण एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा, म्हणजे विषम वेळा उलटवावं. रात्रीचा मुक्काम लांब असतो. विषम वेळा उलटवलं की आज रात्री फुली वर, उद्या गोल वर. एकदा उजवीकडून फिरवलं तर पुढच्या वेळी डावीकडून, कारण बलकाला दोन्ही टोकांशी बांधणारे पीळ सतत एकाच दिशेने आवळत जाऊ नयेत. बदकाची अंडी आडवी ठेवून हाताने उलटवणं मला सगळ्यांत भरवशाचं वाटतं. २५ व्या दिवशी उलटवणं बंद.

पहिल्या आठवड्यानंतर रोज एकदा १०-१५ मिनिटं झाकण उघडून अंडी निवू द्यायची आणि कोमट पाण्याचा हलका फवारा मारायचा, ही बदकपाळांची जुनी पद्धत. उठून पाण्यावर जाऊन येणाऱ्या बदकाची ही नक्कल. ती अत्यावश्यक आहे का, यावर मतभेद आहेत. मी दुसऱ्या पंधरवड्यात करते, कारण तेव्हा अंडी स्वतःच तापतात आणि फवाऱ्याचं पाणी उडून जाताना ती उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच हे. काही क्षणांची ही ओल आणि पेटीतला चोवीस तासांचा कोंदट दमटपणा यांत फार अंतर आहे. मी पहिल्या वेळी दोन्ही एकच समजले होते.

७. अंधाऱ्या खोलीत

सातव्या दिवशी रात्री दिवे मालवा, खिडकीला चादर लावा आणि मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर पुठ्ठ्याची नळी धरा. नळीच्या तोंडावर अंड्याचं रुंद टोक टेकवा.

रिकामं अंडं कंदिलासारखं एकसारखं पिवळं उजळतं, आत बलकाची अंधूक सावली तेवढी फिरते. जिवंत अंड्यात लालसर प्रकाश असतो आणि मधोमध एक गडद ठिपका. त्यातून चहूकडे बारीक शिरा पसरलेल्या, जाळ्याच्या मध्यावर बसलेल्या कोळ्यासारख्या. अंडं स्थिर धरा, श्वास रोखून बघा. ठिपका हलतो. एक छोटासा झोका, मग थांबतो, मग पुन्हा. माझ्या मुलीने पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तिने आवाज इतका खाली आणला, जणू पाळण्यात बाळ झोपलं आहे.

शिरांऐवजी एक लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच गेला. ते अंडं काढा. बदकाचं मेलेलं अंडं पेटीच्या उबेत लवकर कुजतं, आत वायू साठतो आणि ते फुटलं तर बाकीच्यांवर जंतूंचा सडा पडतो. वास यायला लागलेलं कोणतंही अंडं उशीर न करता बाहेर.

चौदाव्या आणि पंचविसाव्या दिवशी पुन्हा बघायचं. तेव्हा हवेच्या पोकळीची कडा पेन्सिलीने कवचावर आखून ठेवा. पंचविसाव्या दिवशी बाकी अंडं काळंभोर आणि वरची साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी जागा मोकळी, असं दिसलं की वाळणं ठीक झालं.

८. वीज गेली तर

घाबरून पेटी उघडू नका. झाकण बंद ठेवून वर घोंगडी टाका, भोकं मोकळी ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून आत ठेवता येतात. दोन-चार तास अंडी बहुधा तगतात, आणि शेवटच्या दहा दिवसांत तर ती स्वतःच ऊब देत असतात.

ही ऊब आशियातल्या भातशेतीच्या मुलखांनी फार पूर्वी ओळखली. चीन, व्हिएतनाम, बांगलादेश इथल्या पारंपरिक बदक-उबवणी घरांत वीज नव्हतीच. अंडी उन्हात तापवून भाताच्या तुसाने वेढलेल्या पिंपांत थराथराने ठेवत. दोन आठवड्यांच्या वाढलेल्या अंड्यांचा एक थर, त्यावर नव्या अंड्यांचा थर. जुनी अंडी नव्यांना ऊब देत. तूस ती बाहेर जाऊ देत नसे. एकदा चक्र सुरू झालं, की बाहेरून फारशी उष्णता लागतच नसे. इजिप्तमध्ये विटांच्या भट्ट्यांत कोंबडीची अंडी हजारोंनी उबवत. तिथला कारागीर थर्मामीटर न वापरता अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब जोखायचा. पापणीची त्वचा पातळ, तिला अर्धा अंश कळतो.

९. शेवटचे तीन दिवस

२५ व्या दिवशी अंडी उलटवणं थांबवा, पाण्याची पसरट थाळी ठेवा, दमटपणा ७० च्या वर न्या आणि झाकण लावा. आजवर वाळवलं, आता ओल का? कारण आता पिल्लू पापुद्रा फाडणार आहे आणि तो मऊ राहायला हवा.

२६-२७ व्या दिवशी पिल्लू डोकं पोकळीकडे वळवतं आणि आतला पापुद्रा भोसकतं. कानाशी अंडं धरलं तर आतून बारीक चिवचिव येते. पोकळीतली हवा थोडी. कर्बवायू वाढत जातो, तसे मानेमागचे जाड स्नायू झटके देऊ लागतात. चोचीच्या टोकावरचा टणक कण कवचावर आपटतो आणि बाहेरून चांदणीसारखा एक तडा दिसतो.

आणि मग काहीच होत नाही. सहा तास, बारा तास, पूर्ण दिवस. इथेच माणसाचा धीर सुटतो आणि तो मदतीला जातो. थांबा. कवचाच्या आतल्या पापुद्र्यात अजून रक्त खेळतं आहे. ते हळूहळू पिल्लाच्या अंगात ओढलं जातं आणि उरलेला बलक बेंबीतून पोटात शिरतो. हे पूर्ण होण्याआधी कवच सोललं तर शिरा फाटतात आणि पिल्लू रक्त जाऊन मरतं. कोंबडीच्या पिल्लापेक्षा बदकाचं पिल्लू सावकाश काम करतं. पहिल्या तड्यापासून बाहेर येईपर्यंत २४ ते ४८ तास हे त्याच्यासाठी सर्वसाधारण. तयारी झाली, की ते आतल्या आत गोल फिरत रुंद टोकाची टोपी कापून काढतं आणि पायांनी रेटा देऊन बाहेर पडतं. ही शेवटची झटापट तासा-दोन तासांत संपते.

या काळात झाकण उघडलं, की ओल निघून जाते आणि तडा गेलेल्या अंड्यांचे पापुद्रे वाळून पिल्लांना आवळतात. एक पिल्लू बाहेर आलं म्हणून त्याला काढायला उघडलं आणि मागची तीन अडकली, असं घडतं. बाहेर आलेल्याला घाई नसते. पोटातल्या बलकावर ते २४ तास सहज काढतं.

१०. पहिला आठवडा

वाळून फुललेल्या पिल्लांना ३२ अंशांच्या कोपऱ्यात हलवा आणि दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी करा. पिल्लं दिव्याखाली ढीग करत असतील तर थंडी वाजते आहे, दूर पळून धापा टाकत असतील तर उकडतं आहे. पाण्याचं भांडं एवढंच खोल हवं, की चोच आणि नाकपुड्या बुडाव्यात, पिल्लू नाही. पेटीतल्या पिल्लाच्या पिसांना आईच्या अंगाचं तेल लागलेलं नसतं, ते पाण्यात भिजून गारठतं.

खाद्याबद्दल दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. बदकाच्या पिल्लांना नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं. नुसतं कोंबडीचं खाद्य दिलं तर पाय वाकू शकतात, म्हणून त्यात यीस्टची पूड मिसळावी. आणि बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंड चुकूनही देऊ नये. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले, बदकाची पिल्लंही मेली. शोध लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीतल्या बुरशीच्या विषाचा, अफ्लाटॉक्सिनचा. बदकाचं पिल्लू या विषाला इतकं नाजूक, की पुढे विष आहे का हे तपासायला बदकाचीच पिल्लं वापरत. पावसाळ्यात गोठ्याच्या कोपऱ्यात ओल लागलेलं पेंडीचं पोतं गाय खाईलही. बदकाच्या पिल्लासमोर ते आणू नका.

११. उरलेली अंडी

तिसाव्या दिवशी न फुटलेली अंडी तशीच पुरू नका. अंगणात, हातमोजे घालून, रुंद टोकाकडून उघडून बघा. शेजारी वही ठेवा.

माझी पाच मी अशीच उघडली. पहिल्यात हवेची पोकळी दोन रुपयांच्या नाण्याएवढी, पिल्लू ओलंचिंब, मान सुजलेली, चोच पापुद्र्यापर्यंत पोचलेली पण भोसकलेला नाही. दुसऱ्यात तेच. तिसऱ्यात पापुद्रा भोसकलेला, नाकपुड्यांत द्रव. चौथ्यात पुन्हा लहान पोकळी. पाचव्यातलं पिल्लू वेगळं होतं : डोकं निमुळत्या टोकाकडे, म्हणजे उलटं बसलेलं, त्याच्यापाशी पोकळी नव्हतीच. एक असं निघू शकतं. पण चार जणांनी एकच गोष्ट सांगितली होती.

वहीत मी लिहिलं : “श्रावण. दोन ताटं पाणी. वजन घेतलं नाही.” पुढची अंडी भाद्रपदात ठेवली. पहिले २५ दिवस पेटीत पाणी ठेवलं नाही. सातव्या दिवशी ११ अंड्यांचा काटा ७७० वरून ७४३ वर आला होता.